एक पावसाळा काढलेली नावे

राब पेटले की मला आजही छपरावर चढावेसे वाटते. सिद्धगडाच्या पायथ्यापासून धसईच्या शेतांपर्यंत जागोजागी धूर उठतो. पाला, तोडलेल्या डहाळ्यांची कवळ आणि शेणाचे थर भाजून भाताच्या रोपांसाठी जमीन तयार केली जाते, आणि त्या भाजणीची राख, पिसासारखी निर्भार, आमच्या मुरबाडवर दिवसभर उतरत राहते. दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर, माठाच्या झाकणावर, बोलता बोलता क्षणभर उघड्या राहिलेल्या ओठांवर. जळल्या पानांची किंचित कडू, किंचित गोडसर अशी तिची चव असते. ती जिभेला लागली की माझ्यातला एक जुना आनंद पाठ ताठ करून उभा राहतो.

आज सकाळी दुकानाच्या पत्र्यावर चढले, राख ओल्या फडक्याने पुसली आणि तिथे चिकटवलेल्या व्हिनाइलच्या, म्हणजे चिकट प्लॅस्टिकच्या, पट्ट्या एकेक करून बोटाने चाचपल्या. शेजारच्या छपरावर कुरडया होत्या, त्यापलीकडे तांदळाचे पापड. आमच्या छपरावर मात्र गेली काही वर्षे या पट्ट्याच वाळत असतात. खाली आबा चहा घेत बसले होते. मी शिडीवरून उतरले तेव्हा त्यांनी दरवर्षीचाच प्रश्न विचारला, की सूनबाईंचे पापड यंदा कसे झालेत.

आबा म्हणजे माझे सासरे. माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे दुकान आहे, आणि एके काळी या रस्त्यावरून धावणाऱ्या कितीतरी ट्रक-टेम्पोंच्या पाठी त्यांच्याच अक्षरांनी बोलत असत. बारीक केसांचा ब्रश, इनॅमलचा डबा आणि मनगटाखाली टेकवलेली एक वेताची काठी, एवढ्यावर ते शिरोरेषा अशी ओढत की पाहणाऱ्याचा श्वास तिच्याबरोबर सरकावा. त्यांचा एक नेम होता. काम पूर्ण झाले तरी कोपऱ्यात स्वतःचे नाव लिहायचे नाही. गाडीने एक पावसाळा काढावा, परत यावे, त्यांनी नखाने अक्षराची कड खरवडून पाहावी, आणि ती हलली नाही तरच खालच्या अंगाला बोटभर उंचीचे 'पेंटर आबा' उमटावे. काही गाड्या परत आल्याच नाहीत. त्यामुळे त्यांची कितीतरी उत्तम अक्षरे निनावीच फिरत राहिली, आणि त्याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही.

मी शहापूरची. कॉलेजात कवितेच्या मागे वर्षे घालवली, आणि लग्नानंतर या दुकानात येऊन व्हिनाइल कापायचे मशीन शिकले. नवरा कंपनीत पाळीवर जाई. दुकान आबांचे आणि माझे. गाडीला पूर्ण आवरण चढवून त्यावर नावे, चित्रे डकवण्याची कामे तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. आबा त्या सगळ्या प्रकाराला एकच शब्द वापरत: कागद. तुझा कागद आला, तुझा कागद कापून झाला का, अशा स्वरात, की त्यात राग नसे, पण किंमतही नसे.

आता मला आठवतो तो वैशाख. खरे तर त्याची सुरुवात आदल्या वैशाखात झाली होती, माझ्या चुकीने.

धसईच्या सुमनताई बारा बायकांचा गट चालवतात. हातसडीचा तांदूळ, भाजी आणि दिवसमानाप्रमाणे रानमेवा घेऊन त्यांचा टेम्पो एकीकडे कल्याणला उतरतो, दुसरीकडे वैशाखरे गाव ओलांडून घाट चढतो. टेम्पो नवा घेतला तेव्हा त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या की गटाचे नाव नको, चित्र एखादे चालेल, पण बाराही जणींची नावे हवीत, दोन बाजूंना सहा-सहा, लांबून वाचता येतील अशी. आबांनी विचारले, एवढी नावे कशाला. सुमनताईंनी पदर खोचला.

"घराच्या पाटीवर नवऱ्याचं नाव, सातबाऱ्यावर सासऱ्याचं. आमचं कुठं हाय ते दाखवा, आबा."

मी मोठ्या उत्साहाने काम घेतले, आणि हाताशी होते ते व्हिनाइल वापरले. ते दिसायला देखणे होते. वर संरक्षक थर लावला नाही, त्याची गरज असते हे मला ठाऊक नव्हते. छापलेली तांबडी अक्षरे त्या दिवशी नुकत्या लावलेल्या कुंकवासारखी ओली दिसली.

आमच्याकडचे हवामान अक्षरांना फार वाईट वागवते. फाल्गुनापासून पत्रा असा तापतो की त्यावर हात ठेवून शपथ घेता येऊ नये. मग चार महिने घाटातले पाणी, धुके, आडवा वारा, आणि चाकांनी उडवलेला चिखल. भाद्रपद सरतो न सरतो तोच पुन्हा ऊन, ओलसर, चिकट, आतून शिजवणारे. त्या दिवाळीला अक्षरांच्या कडा उचलल्या. आवरण आक्रसले आणि जोडांजोडांतून खालच्या रंगाच्या रेघा डोकावू लागल्या. शिमग्यापर्यंत तांबड्याचे फिकट बिस्किट झाले होते. धसईच्या बाजारात लोक विचारू लागले, गाडी कात टाकतेय का. यमुनाबाईंच्या नावाचा लोंबणारा तुकडा एका बकरीने चावून खाल्ला, आणि यमुनाबाई स्वतःच ते सर्वांना हसून सांगत सुटल्या. गटात सर्वांत वडील असलेल्या सखूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दर बाजाराच्या दिवशी फडक्यात शिजलेल्या भाताची चार शिते घेऊन येत, आपल्या नावाच्या सुटलेल्या कडेखाली चोळत, आणि अंगठ्याने दाबून धरून उभ्या राहत. दुपारपर्यंत ऊन तो भात वाळवी आणि कड पुन्हा उठे.

हे मी डोळ्यांनी पाहिले. कवितेने मला ज्याला करुण म्हणतात ते ओळखायला शिकवले होते. इथे ते माझ्याच हातून घडले होते.

चैत्रात सुमनताई आल्या. आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितले की अजून एकदा कर, आम्ही थांबतो. "पन वैनी, या बारीनं पावसात गेली, तं नावं नकोत. नुसता नंबर टाकायचा. सखूआत्याला परत भात लावताना मला नाय बगवायचा." एवढे बोलून त्या निघून गेल्या. आबांनी ब्रशांचा डबा उघडला, पाहिला, बंद केला. मी रंगवू का, असे ते विचारणार होते हे मला कळले. विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

दिवाळीतच, पहिली कड उचलली तेव्हा, मी छपरावर पट्ट्या चिकटवल्या होत्या. निरनिराळ्या जातींच्या आठ. अर्ध्या वर आभाळाकडे तोंड करून, अर्ध्या पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याला. चैत्रात त्यांच्याकडे नीट पाहिले. आडव्या पत्र्यावरच्या लवकर थकल्या होत्या, उभ्या अजून जीव धरून होत्या. म्हणजे टप आणि बॉनेट ऊन अधिक खातात, नावे बाजूलाच हवीत. छापलेला लाल सर्वांत आधी गेला होता. पण ज्या पट्टीत रंग वरून छापलेला नव्हता, अंगातच मुरलेला होता, तिचा लाल तसाच होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा. आणि दोन पट्ट्या अशा होत्या की त्यांच्या कडेवरून नख फिरवले तर पत्रा कुठे संपतो आणि पट्टी कुठे सुरू होते ते कळू नये.

मग चार दिवस माहेरी गेले. शहापूरला महामार्गाच्या कडेने ढाब्यांसमोर गाड्या उभ्या राहतात. मी त्यांच्या अंगांवरून हात फिरवत हिंडले. वाळवंटातून आलेले टँकर, समुद्राकाठची खारट झालेली वाहने. चालकांना विचारत असे, हे किती उन्हाळ्यांचे. एक जण म्हणाला की बाई, गाडी विकायची नाही. दुसऱ्याने, एका टँकरच्या चालकाने, मात्र खाली उतरून दाखवले, चाकाच्या कमानीवरच्या वळणात काय टिकते आणि काय ताणून फाटते. बोटांच्या टोकांना मी असे वाचायला कधी शिकवले नव्हते. परतताना ती काळी झाली होती आणि डिझेलचा वास दोन दिवस गेला नाही.

माल देणाऱ्याने फोनवर समजावले होते की एक व्हिनाइल गरम रुळांतून दाबून लाटतात, आणि दुसरे पातळ करून ओततात व तसेच वाळू देतात. दुसरे महाग. मला शब्द कळले, अर्थ कळेना. तो कळला स्वयंपाकघरात. पोळी लाटताना लाटणे उचलले की कणीक थोडी मागे सरते. तिला ताणून मोठे केलेले असते, आणि ती आपला लहानपणाचा आकार विसरलेली नसते. घावनाचे तसे नाही. पीठ तव्यावर ओतले, पसरले, जिथे पोहोचले तिथेच त्याचे घर. त्याला मागे जायला मागे काही नाही. माझे पहिले व्हिनाइल पोळी होते. ऊन लागताच ते आपल्या जुन्या आकाराकडे निघाले होते आणि जाताना बारा नावे सोबत ओढून नेत होते. कवितेच्या ओळीत ताण हवा, हे मी इतकी वर्षे मानत आले होते. गाडीच्या अंगावर त्या दिवसांत मला ताण नसलेली ओळ हवी होती.

हे मी धसईला जाऊन बायकांना सांगितले. सुमनताईंनी डोळे बारीक केले.

"म्हंजे पयल्या येळी तुमी आमच्या गाडीला चपाती चिकटवली. आमी घावनवाली मानसं हो, वैनी. आदी इचारायचा."

त्या दिवशी सखूबाईही हसल्या.

अक्षरांचा प्रश्न उरला होता. संगणकातल्या अक्षरांना टोके फार. टोकदार कोपरा वारा आधी उचलतो, हे टँकरच्या चालकाने दाखवले होते. मी आबांसमोर जाड पुठ्ठे ठेवले आणि म्हटले, बारा नावे लिहून द्या, ब्रशाने. त्यांनी कारण विचारले नाही. दोन दुपारी ते लिहीत राहिले. ब्रश कुठेही कोपरा सोडत नाही. त्याचे प्रत्येक टोक गोल होऊन थांबते. शिवाय त्यांची शिरोरेषा एका दमात जाते, म्हणून सगळे नाव एकसंध, एकच तुकडा, कुठेही सुटी कड नाही. ती अक्षरे मी संगणकात घेतली आणि अंगात रंग मुरलेल्या, ओतलेल्या लाल व्हिनाइलमधून कापली. खाली पांढरे आवरण, तेही ओतलेले. मागच्या दारावर भाताच्या लोंब्यांचे छापील चित्र, त्यावर ऊन अडवणारा पारदर्शक थर. बॉनेट आणि टप मोकळे.

आणि मग राब पेटले. आवरण चढवायला याहून वाईट दिवस मिळाले नसते. राखेचा एक कण आत राहिला तर तिथे पुरळ उठते. पण टेम्पो दिवसभर मोकळा मिळणार होता तो फक्त त्याच दोन दिवशी. आम्ही शटरला भिजवलेली गोणपाटे टांगली, जमिनीवर पाणी शिंपडले. आत ओल्या तागाचा वास, बाहेर जळत्या पाल्याचा. पहिल्या दिवशी मी जुने आवरण सोलले, सगळा टेम्पो साबणाने आणि मग स्पिरिटने पुसला, आणि डावी बाजू केली. गरम हवा सोडणाऱ्या हीटगनच्या उबेने आवरण सैल होई, चाकाच्या कमानीवर पाण्यासारखे वळे, आणि दाबत नेलेल्या रबरी पट्टीखालून हवा सुस्कारा टाकून निघून जाई. सहा नावे बसली. संध्याकाळी नामदेव, त्यांचा चालक, भाजी पोचवायची म्हणून टेम्पो घेऊन गेला. सकाळी परत आणला. टेम्पो काल मीच धुतला होता, म्हणून पुन्हा न पुसता उजवी बाजू केली. दुपारी तीन वाजता, बाहेर उन्हात उभा असताना, तिची मागची कड उचलली.

मी पाहत राहिले. उजव्या बाजूला सखूबाईंचे नाव होते. सर्वांत चांगले व्हिनाइल, माझे सर्व शिकणे, आबांची अक्षरे, आणि तरीही ती कड उठत होती, गेल्या वर्षीसारखीच, हळू, बेफिकीर. रोलमध्ये जेमतेम एका बाजूपुरते आवरण शिल्लक होते. आबा खुर्चीवरून उठले नाहीत.

मी खाली वाकले आणि त्या उचललेल्या कडेखाली नाक नेले. खोबरेल तेल. आणि त्याच्या मागे, पातळ, निळसर, रॉकेल.

नामदेव शेजारीच उभा होता, खांद्यावर फडके. मी त्याला विचारले की सकाळी गाडीला काय लावलेस. तो गोंधळला. रोज लावतो तेच, म्हणाला. रॉकेलात दोन थेंब खोबरेल, चकाकी येते. घेतल्या दिवसापासून एक दिवस चुकवलेला नाही. म्हणजे गेल्या वैशाखातही, पहिल्या कामाच्या सकाळीही. मी विचारले, कशासाठी.

"नावं लावायला आनायची व्हती ना, वैनी. लक्ष्मी ती. तिला कोरड्या तोंडानं कशी आनू?"

मला रागवता आले नाही. देवाला नेताना मुलीच्या केसांना तेल लावावे, तसे त्याने टेम्पोला लावले होते. त्याच्या मायेवरून आमचे सगळे काम घसरत होते. तेव्हा आबा उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावरचे फडके काढून घेतले, वास घेतला, आणि म्हणाले की रंगाच्या दिवसांत असल्या तेलानेच माझी अर्धी कामे खाल्ली असतील, मला नाक नव्हते. मग आम्ही तिघांनी उजवी बाजू सोलून काढली. साबण, पाणी, स्पिरिट; पांढरे फडके पांढरेच परत येईपर्यंत. सहा नावे मी पुन्हा कापली. ऊन कलण्याआधी उरलेले आवरण चढले, आणि शेवटी आबांनी, न सांगता, हीटगन हातात घेतली आणि कमानीच्या खोलगट वळणावर ऊब देत राहिले, ब्रश धरावा तशी, मनगटाखाली वेताची काठी टेकवून.

त्या पावसाळ्याविषयी मला फार सांगायचे नाही. तो नेहमीसारखा होता, म्हणजे निर्दय. घाटात धबधबे रस्त्यावर कोसळतात त्यांखालून टेम्पो गेला, चिखलाने माखून आला. नामदेव दुकानावरून जाताना हॉर्न देई आणि मी दारात येऊन नावे मोजत असे. आबांना नेमका त्याच वेळी चहा बाहेर घ्यायचा असे. तेल आता फक्त दारांच्या बिजागऱ्यांना, असे तो दर वेळी ओरडून सांगे. श्रावण गेला. भाद्रपद गेला. मग ते शिजवणारे ऊन आले, आणि मी मोजलेली नावे बाराच भरत राहिली.

दसऱ्याला टेम्पो आला तो बाराही जणींना घेऊन. झेंडूच्या माळा, पुढे आंब्याची डहाळी. नामदेवने पाण्याचा फवारा मुद्दाम जवळून मारला. मी त्याला सांगत होते की लांबून मार, कडांवर नको, आणि तो ऐकत नव्हता. चिखल ओघळून गेला आणि खालून ती नावे आली. यमुना. भिमा. सुमन. लाल, संथ, गोल टोकांची, जशी बसवली तशीच. सखूबाईंच्या नावावर पाणी थेंबांनी थांबले होते. मग यमुनाबाईंनी विचारले, बकरी आणू का, आणि सगळ्या एकदम हसत सुटल्या. तो आवाज मी आयुष्यात ऐकलेल्या कुठल्याही टाळ्यांपेक्षा मोठा होता.

आबा पुढे झाले. टेम्पोभोवती सावकाश फिरले. प्रत्येक नावाची कड त्यांनी नखाने खरवडली, बाराही नावांची, घाई न करता. मागच्या चाकाच्या कमानीपाशी, जिथे त्या दुपारी कड उचलली गेली होती, तिथे दोनदा. मग खालच्या मोकळ्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "नाव टाक गो आता."

मला वाटले ते स्वतःविषयी बोलत आहेत. अक्षरे त्यांची होती. मी आत जाऊन ब्रशांचा डबा आणि इनॅमल घेऊन आले. त्यांनी डबा हातात घेतला, आणि परत माझ्या हातात दिला.

"याच्यावर माजा रंग धरायचा नाय. तुज्याच कागदातून काप."

त्याच लाल रोलमधून मी माझे नाव कापले, बोटभर उंचीचे. ते किंचित तिरपे बसले. सखूबाई जवळ आल्या आणि सवयीने त्यावर अंगठा दाबून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी अंगठा उचलून पाहिला, कडेवरून बोट फिरवले, आणि रिकामे फडके कमरेला खोचून टेम्पोत चढल्या.